चाडी, चहाडी की चुगली?

शब्दांची विचारपूस : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं, 'एकाचं दुसऱ्याला जाऊन सांगण्याला तुमच्या घरात काय म्हणतात?' सोलापूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांत एक शब्द सगळ्यात ठळक होता : चाडी. त्यांतली काही पत्रं इथे घेतली आहेत. काहींचा रोख शब्दावर आहे, तर काहींचा ज्यांना तो शब्द चिकटवला जातो त्यांच्यावर.

प्रश्न : आमच्याकडे सगळे 'चाडी सांगणे' म्हणतात. मुलगी पुण्याला शिकायला गेली, तर तिथल्या मैत्रिणी म्हणाल्या, असा शब्दच नाही, 'चहाडी' म्हण. शेजारची तेलुगु माणसंही 'चाडी'च म्हणतात, म्हणून तो मुळात तेलुगु असावा असं आमचे सासरे सांगतात. खरं काय? (साखर पेठ, सोलापूर)

उत्तर : 'चाडी' हा चांगला, चालता मराठी शब्द आहे. स्त्रीलिंगी, अनेकवचन चाड्या, सांगत फिरणारा तो चाडीखोर. सोबत क्रियापद येतं ते 'सांगणे' किंवा 'करणे'. 'चाडी सांगूलालास का बे?' हे वाक्य सोलापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. (त्यातलं 'सांगूलालास' म्हणजे 'सांगू लागला आहेस' याचं आवळलेलं रूप. करूलालाय, येऊलालाय ही रूपंही तशीच झाली.)

चहाडी आणि चाडी यांच्यात अंतर आहे ते मधल्या 'ह'चं. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला 'ह' मराठी बोलण्यात फार वेळ तग धरत नाही. पाहिजेचं पायजे होतं, पाहुण्याचा पावणा, साहेबाचा सायब, शहराचं शेर. जुन्या लिखाणात 'चाहाडी' असंही रूप आहे. त्यातला 'ह' गळाला की हातात उरते ती चाडीच. म्हणजे हा कुणी मोडतोड करून बनवलेला शब्द नाही. मराठीच्या रोजच्या उच्चारांचा जो नियम, त्यात तो चपखल बसतो. 'पायजे' बोलणाऱ्यांनी तरी 'चाडी'ला हसू नये.

सासऱ्यांच्या म्हणण्यातलं निरीक्षण अगदी बरोबर आहे, निष्कर्ष मात्र घाईचा. तेलुगुत लहान मुलाला 'चाडीलु चेप्पकु' म्हणजे 'चाड्या सांगू नकोस' असं दटावतात. कन्नडात त्याला 'चाडी हेळबेड' म्हणतात. पण गुजरातीतही 'चाडी' आहेच, आणि तिथे चाड्या करणाऱ्याला 'चाडियो' म्हणतात. शेतातल्या बुजगावण्यालाही गुजराती माणूस 'चाडियो'च म्हणतो. तेलुगु आणि कन्नड द्राविडी कुळातल्या, मराठी आणि गुजराती दुसऱ्या कुळातल्या, आणि शब्द चौघींच्या तोंडी. पद्मशाली विणकर मागाच्या कामासाठी तेलंगणातून सोलापुरात आले, पूर्व भागात वसले, त्यांच्याकडून हा शब्द आपण उचलला, ही गोष्ट ऐकायला सरळ वाटते. पण तेवढ्यानं गुजरातची चाडी सुटत नाही. शब्द सारखे दिसले म्हणून त्यांची मालकी ठरवू नये.

शेजाराचा हात आहे तो वेगळ्या अर्थानं. सोलापुरातलं मूल हा शब्द घरी मराठीत ऐकतं, गल्लीत तेलुगुत ऐकतं, अक्कलकोटहून आलेल्या मावशीकडून कन्नडात ऐकतं. तीन बाजूंनी आधार मिळाला की शब्द झिजत नाही. पुण्यात चहाडी बरीचशी पुस्तकात राहिली आणि तोंडी चुगली रुळली, कारण तिथे तिला असा आधार नव्हता, असं आमचं मत आहे.

आता लिहिण्याचं. निबंधात, अर्जात, बातमीत 'चहाडी' लिहा. कथेत, संवादात, घरच्या पत्रात 'चाडी' लिहा आणि तिला अवतरणचिन्हात कोंडू नका. एकाच लिखाणात दोन्ही रूपं मिसळली तर मात्र वाचणाऱ्याला ती छपाईची चूक वाटते. मुलीला सांगा, पुण्यातही बिनधास्त म्हण.

प्रश्न : चुगली, चहाडी, कागाळी, लावालावी हे सगळं एकच ना? मग इतके शब्द कशाला? (बाळीवेस, सोलापूर)

उत्तर : एकच नाही. चार गोष्टी तपासल्या की प्रत्येकाची जागा कळते : सांगितलं कुणाला, उघड की लपून, खरं की वाढवून, आणि कशासाठी.

चाडी किंवा चहाडी नेहमी वर जाते. ऐकणाऱ्याच्या हातात काहीतरी सत्ता असते. तो सासू असेल, मुकादम असेल, मास्तर असेल किंवा साहेब. ज्याच्याविषयी सांगितलं तो तिथे नसतो, आणि त्याला फटका बसावा ही सांगणाऱ्याची इच्छा असते. गोष्ट खरी असली तरी चाडी ती चाडीच. 'पण खरंच होतं की!' हा बचाव म्हणूनच लंगडा पडतो.

चुगली फारसीतून आली. तिच्यामागचं '-खोर' हेही फारसीच, अर्थ 'खाणारा'. हिंदीत 'चुगली खाना' म्हणतात. आपण चुगली करतो किंवा लावतो. अर्थ चहाडीच्या अगदी जवळचा, पण आता चुगली पसरट झाली आहे. दोन मैत्रिणी तिसरीविषयी बोलत बसल्या तरी हल्ली त्याला चुगली म्हणतात. खरं तर ती कुटाळकी. ऐकणाऱ्याच्या हातात काही नसेल, नुसतं नावं ठेवणं आणि टवाळी असेल, तर कुटाळकी हाच नेमका शब्द. त्यात कुणाचं नावच नसेल, वेळ घालवणं एवढंच असेल, तर त्या चकाट्या. चकाट्या पिटणाऱ्याला चुगलखोर म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

कागाळीची गोष्ट वेगळी. कागाळी उघड नेता येते. आपल्या गवळणींतल्या गोपी यशोदेच्या दारात येऊन तिच्या कान्ह्याविषयी सांगतात, ती कागाळी. कान्हा तिथेच पदराआड उभा असला तरी त्यांचं बोलणं थांबत नाही. 'पोराच्या कागाळ्या आल्या' असं आई म्हणते, 'पोराच्या चाड्या आल्या' असं म्हणत नाही. नुकसान झालेला माणूस स्वतः ज्याचा वचक आहे त्याच्यापाशी गाऱ्हाणं नेतो, तेव्हा कागाळी. तिच्यात रुसवा असतो, कधी थोडी फोडणीही असते, पण पाठीत वार नसतो.

लावालावी म्हणजे इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे. मारामारी, हाणाहाणी, ढकलाढकली या शब्दांसारखीच तिची ठेवण आहे. पण मारामारीत दोघं एकमेकांना मारतात. लावालावीत लावणारा एकटा असतो आणि भांडतात ते दुसरेच दोघं. दखनी बोलणारे शेजारी याला 'लगाई-बुझाई' म्हणतात. त्यात विझवण्याचाही उल्लेख आहे, कारण लावणारा पुष्कळदा नंतर समेट करायलाही तोच पुढे येतो. 'काडी टाकणे' मात्र एका ठिणगीचं काम. काडी टाकून माणूस बाजूला होतो, लावालावी करणारा हेलपाटे घालत राहतो.

शब्द इतके, कारण वागण्याच्या तऱ्हाच इतक्या. सगळ्यांवर 'चुगली' हे एकच नाव टाकलं की कागाळी नेणाराही चुगलखोर ठरतो. पुढे तिसरीच्या बाईंच्या आणि शिलाई कारखान्यातल्या पत्रांत तेच झालं आहे, फक्त तिथे नाव 'चाडी'चं आहे.

प्रश्न : 'चाड्यावर मूठ धरली' मधलं चाडं आणि ही चाडी यांचा संबंध आहे का? (मंगळवेढा)

उत्तर : नाही. चाडं नपुंसकलिंगी, ते पेरणीच्या तिफणीचं अंग. लाकडी वाटीसारखं असतं, तळाला तीन भोकं. प्रत्येक भोकातून एक पोकळ नळी खाली फणापर्यंत जाते. मागून चालणारा मुठीतलं बी त्यात सोडतो. मूठ एका अंगाला कलली की एक ओळ दाट आणि दुसरी विरळ उगवते, म्हणून चाड्यावर जाणता हात लागतो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बी ज्वारी पेरताना एकरी साधारण चार किलो बी लागतं. इतकं थोडं बी तीन ओळींत सारखं पाडणं सोपं काम नाही.

तिसरा शब्द 'चाड', स्त्रीलिंगी, अर्थ पर्वा किंवा कळकळ. 'त्याला कशाची चाड नाही' यातला. चाडं, चाड, चाडी : लिंग वेगळं, अनेकवचन वेगळं, सोबतची क्रियापदं वेगळी. नुसत्या आवाजावरून नातं जुळवू नका.

प्रश्न : मी तिसरीला शिकवते. दिवसभर 'बाई, हा बघा ना', 'बाई, तिनं माझं रबर घेतलं' चालू असतं. निम्म्या मुलांच्या घरी कन्नड बोलतात, तीही 'चाडी' हाच शब्द वापरतात. मी वर्गात 'चाडी सांगायची नाही' असा नियम केला. गडबड कमी झाली, पण एका मुलाला रोज मधल्या सुट्टीत मार बसत होता हे मला दोन महिन्यांनी कळलं. नियम चुकला का? (अक्कलकोट तालुका)

उत्तर : हो, बाई, तो नियम काढून टाका. हेतू चांगला होता, पण सहा ते आठ वर्षांच्या मुलाला चाडी आणि तक्रार यांतला फरक अजून करता येत नाही. त्यानं नियमाचा अर्थ 'बाईंना काहीच सांगायचं नाही' असा घेतला. जो मार खात होता त्याला तर गप्प राहणं हीच शिस्त वाटली असणार.

त्याऐवजी मूल काही सांगायला आलं की तीन प्रश्न विचारा, याच क्रमानं. कुणाला लागलंय का? कुणी घाबरलंय किंवा रडतंय का? तू त्याला 'नको' म्हणालास का? पहिल्या दोनांपैकी एकाचंही उत्तर 'हो' आलं तर हातातला खडू ठेवा आणि उठा. दोन्ही 'नाही' असतील तर तिसरा प्रश्न. तिथे बहुतेक वेळा मूल मागे वळतं आणि स्वतःच रबर मागून घेतं. आठवडाभर तुम्ही न चुकता हेच विचारलं की मुलं प्रश्न तोंडपाठ करतात आणि मनातल्या मनात उत्तरं देऊन मगच येतात. एखाद्या दिवशी कंटाळून 'जा रे जागेवर' म्हटलंत की मात्र पुन्हा पहिल्यापासून.

तीन गोष्टी टाळा. एकाचं ऐकून लगेच दुसऱ्याला शिक्षा करू नका. त्यानं मुलाला कळतं की बाईंकडे पोचणारा पहिला तो जिंकला, आणि मग खऱ्याखुऱ्या चाड्या सुरू होतात. दुसरं, कुणाला वर्गासमोर 'चाडीखोर' म्हणू नका. ते नाव चौथीपर्यंत, कधी दहावीपर्यंत सुटत नाही, आणि असं मूल पुढे मोठं संकट आलं तरी तोंड उघडत नाही. तिसरं, बाई वर्गाबाहेर गेल्यावर मॉनिटरनं बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची ही पद्धत बंद करा. कुणाचं नाव लिहायचं आणि कुणाचं पुसायचं हे एका आठ वर्षांच्या मुलाच्या हाती जातं, आणि मग रबर-पेन्सिली देऊन नावं पुसून घेतली जातात. चाडी कशी वापरायची हे मुलं तिथेच शिकतात. मॉनिटरला वह्या गोळा करू द्या, पाणी भरायला पाठवा, पण नावं लिहायला लावू नका.

कन्नड घरातल्या मुलांना फरक त्यांच्या शब्दांत सांगितला तर लवकर कळतो. 'चाडी हेळबेड' त्यांना ठाऊक आहेच. त्याला जोडून 'दुखलं तर मात्र सांग' हेही तितक्याच वेळा त्यांच्या कानी पडू द्या. फळ्याच्या कोपऱ्यात 1098 हा आकडा कायम लिहून ठेवा. अडचणीतल्या मुलांसाठीची ही मोफत हेल्पलाइन आहे, मुलाला स्वतःही फोन करता येतो. आणि एक गोष्ट तुमच्यासाठी : मुलाच्या बोलण्यातून लैंगिक छळाचा संशय आला, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ठाऊक असून न कळवणं हा गुन्हा आहे.

प्रश्न : आम्ही शिलाई कारखान्यात पंधरा बायका आहोत. सुपरवायझर एका तरुण मुलीच्या अंगचटीला येतो. मी मालकाच्या कानावर घातलं, तर आता बाकीच्या मला 'चाडीखोर' म्हणतात आणि डबा खायला सोबत बसू देत नाहीत. मी चुकले का? (सोलापूर)

उत्तर : नाही. तुम्ही केलं त्याला चाडी म्हणत नाहीत. वर दिलेल्या चार कसोट्या लावून पाहा : तुमचा हेतू त्या मुलीचं संरक्षण हा होता, कुणाला खाली पाडणं हा नव्हता. 'चाडीखोर' हा शब्द इथे गप्प बसवण्यासाठी वापरला जातो आहे, आणि बायकाच बायकांविरुद्ध तो वापरतात तेव्हा सुपरवायझरला काहीच करावं लागत नाही.

पण तोंडी सांगणं कच्चं असतं. मालक विसरतो, किंवा विसरल्यासारखं करतो, आणि तुमच्या शब्दाविरुद्ध त्याचा शब्द उरतो. म्हणून हे लेखी करा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा इथे लागू होतो. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. तुमच्याकडे पंधरा आहेत, म्हणजे ती हवीच. समितीच्या अध्यक्ष बाई असतात, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा असतो. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तिची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयात मिळते.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची. प्रकार पुन्हा पुन्हा घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने धरतात. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. कागदाच्या सहा प्रती, सोबत असतील ते पुरावे, साक्षीदारांची नावं आणि पत्ते. मजकुरात विशेषणं नकोत. तारीख, वेळ, कोणतं मशीन, तो काय बोलला ते त्याच्याच शब्दांत, कुठे हात लावला, तेव्हा जवळ कोण होतं, एवढंच. 'तो वाईट चालीचा आहे' असं लिहिलं की कागद चाडीसारखा दिसायला लागतो आणि त्याचं वजन जातं.

तक्रार त्या मुलीनं स्वतः दिलेली उत्तम. तिला ते शक्य नसेल, तर घटना माहीत असलेली दुसरी व्यक्ती तिच्या लेखी संमतीनं तक्रार देऊ शकते. ती व्यक्ती तुम्ही असू शकता. संमतीशिवाय मात्र पुढे जाऊ नका, कारण कारखान्यात परिणाम तिला भोगावे लागतात. नावं गुप्त ठेवणं समितीवर बंधनकारक आहे. चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी लागते. 'सिद्ध झालं नाही तर माझ्यावरच उलटेल' ही भीती मनातून काढा : नुसता पुरावा कमी पडला म्हणून तक्रार करणारीवर कारवाई होत नाही, त्यासाठी जाणूनबुजून खोटं बोलल्याचं चौकशीत ठरावं लागतं.

डब्याचं दुःख कायद्यानं मिटणारं नाही, हे आम्हाला कळतं. त्या बायकांपैकी जिच्याशी तुमचं सगळ्यात बरं आहे, अशा एकीशी आधी एकटीशी बोला. सगळ्या एकत्र असताना कुणीही पहिली बाजू बदलत नाही.

प्रश्न : 'कान फुंकणे' आणि 'कान भरणे' यांत फरक काय? (होटगी रोड, सोलापूर)

उत्तर : कान फुंकणे हे मूळचं गुरूचं काम : शिष्याच्या कानात मंत्र सांगणे. पुढे कुणाला तरी फितवण्यासाठी कानाशी लागणे असा अर्थ त्याला चिकटला. एकदा फुंकलं तरी पुरतं. कान भरणे सावकाश होतं, थोडं थोडं, पुष्कळ दिवस. 'हलक्या कानाचा' हा शब्द मात्र ऐकणाऱ्याला लागतो. मराठीनं दोष एकट्या सांगणाऱ्यावर टाकलेला नाही, ऐकून घेणाऱ्यालाही नाव ठेवलं आहे.

प्रश्न : विद्यापीठातल्या प्रकल्पासाठी सोलापूरच्या बोलीतले असे शब्द गोळा करायचे आहेत. पहिल्याच दिवशी दहा जणांना विचारलं, सगळ्यांनी 'चुगली' सांगितलं. माझं काय चुकतंय? (जुळे सोलापूर)

उत्तर : तुम्ही बहुधा 'चुगलीला तुमच्याकडे काय म्हणतात?' असं विचारलंत. प्रश्नातच शब्द दिला की तोच परत येतो. शिवाय वही-पेन घेतलेला शिकलेला माणूस समोर दिसला की लोक आपला घरचा शब्द आत ठेवतात आणि शाळेतला बाहेर काढतात.

शब्द न उच्चारता प्रसंग सांगा. 'दोन जावा. धाकटीनं माहेरच्या माणसाला घरातले पैसे दिले. थोरलीनं ते सासूला गुपचूप जाऊन सांगितलं. थोरलीनं काय केलं?' हा झाला चाडीचा प्रसंग. कागाळीसाठी दुसरा : 'पोरानं शेजारणीची कुंडी फोडली, शेजारीण त्याच्या आईकडे आली.' लावालावीसाठी तिसरा, दोन मित्रांच्या मध्ये फिरणाऱ्याचा. तीन प्रसंग पुरेत. त्याहून जास्त झाले की माणूस कंटाळतो आणि सगळ्यांना एकच उत्तर देतो. एका माणसामागे वीस मिनिटं धरा.

प्रत्येक शब्दासाठी वहीत एक पान. त्यावर शब्द, लिंग, अनेकवचन, सोबतचं क्रियापद, आणि त्या माणसानं बोललेलं पूर्ण वाक्य जसंच्या तसं. वाक्य सुधारून लिहिलंत तर 'सांगूलालाय'चं 'सांगतोय' होतं आणि निम्मी माहिती तिथेच जाते. खाली पेठ किंवा गाव, अंदाजे वय, घरात बोलली जाणारी भाषा. नाव लिहू नका. 'च' कसा उच्चारला तेही टिपा, 'चार' मधला की 'चांगला' मधला. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून बाजूला खूण करावी लागते. परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज नोंदवा आणि त्याच दिवशी ऐकून पान पुरं करा.

माणसं निवडताना पूर्व भागातली तेलुगु घरं, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडची कन्नड घरं, दखनी बोलणारी घरं आणि बार्शी-माढ्याकडून आलेली मराठी घरं असे चार गट करा. प्रत्येक गटात एक साठीच्या पुढचं, एक मध्यम वयाचं, एक शाळकरी. म्हणजे बारा माणसं. वेगवेगळ्या घरांतल्या तिघांकडून शब्द आला तर तो चालता समजा. एकाच घरातून आला तर तो घरगुती असू शकतो, तसं नोंदवा पण टाकून देऊ नका.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीनं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे, त्यातली ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर ऐकायला मिळतात. आपली प्रसंगांची यादी पक्की करण्याआधी ती ऐका. आणि त्या दहा जणांकडे पुन्हा जा, पण या वेळी वही पिशवीत ठेवा आणि आधी थोरल्या जावेची गोष्ट सांगा.